शिंतो देवस्थानात: तोरिईपासून गाभाऱ्यापर्यंत काय करावे आणि काय पाहावे

शिंतोची ओळख ग्रंथांतून करून घ्यायला बसलेल्या माणसाची बहुधा निराशा होते. या परंपरेला संस्थापक नाही, सर्वांना बंधनकारक असा धर्मग्रंथ नाही आणि देवस्थानात येण्यासाठी कोणाला दीक्षाही घ्यावी लागत नाही. इ.स. 712 मधील ‘कोजिकी’ आणि 720 मधील ‘निहोन शोकी’ हे दोन ग्रंथ देवकथांसाठी आणि राजघराण्याच्या वंशावळीसाठी महत्त्वाचे आहेत. पण देवस्थानात येणाऱ्या सर्वसामान्य जपानी माणसाने ते वाचलेले असतातच असे नाही. त्याच्या अंगवळणी पडलेला असतो तो क्रम: कमानीपाशी वाकणे, पाण्याने हात-तोंड शुद्ध करणे, पेटीत नाणे टाकणे, वाकणे, टाळ्या वाजवणे, पुन्हा वाकणे. पाहुण्यानेही याच क्रमाने आत शिरावे आणि प्रत्येक टप्प्यावर थोडे थांबून त्यामागचा इतिहास पाहावा, असे मला वाटते. तसे केले की एक गोष्ट ध्यानात येते. ज्याला आपण अतिप्राचीन समजतो त्यातले बरेच काही गेल्या दीडशे वर्षांत ठरवलेले आहे, आणि जे खरोखर प्राचीन आहे ते पुष्कळदा नुकतेच बांधल्यासारखे कोरे दिसते.

निघण्यापूर्वी: देवस्थान कोणते आणि बौद्ध मंदिर कोणते

शिंतो देवस्थानाला जपानीत ‘जिंजा’ म्हणतात आणि बौद्ध मंदिराला ‘तेरा’. दोन्हींचे आचार वेगळे असल्यामुळे आपण कुठे उभे आहोत हे आधी कळले पाहिजे. नावाच्या शेवटी जिंजा, जिंगू, ताइशा, मिया किंवा तेनमांगू असेल तर ते शिंतोचे. ‘जी’ किंवा ‘देरा’ असेल तर बहुधा बौद्ध. जपानी नकाशात देवस्थानाची खूण लहानशा कमानीची असते आणि बौद्ध मंदिराची खूण स्वस्तिकाची. आपल्याकडच्या प्रवाशाला स्वस्तिक दिसताच पाय तिकडे वळवावेसे वाटतील, पण शिंतो पाहायचा असेल तर कमानीची खूण शोधावी. उदबत्तीचा दाट धूर, बुद्धमूर्ती आणि थडगी दिसली की समजावे की आपण बौद्ध आवारात आहोत. तिथे हात जोडावेत, टाळ्या वाजवू नयेत.

पहिल्या भेटीसाठी फार प्रसिद्ध ठिकाण निवडलेच पाहिजे असे नाही. देशभरात सुमारे 80,000 देवस्थाने ‘जिंजा होंचो’ या 1946 मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संस्थेशी जोडलेली आहेत, आणि बहुतेक वस्त्यांत एखादे तरी असतेच. क्योतोच्या फुशिमी इनारीला जायचे असेल तर पहाटे जावे. तिथल्या हजारो शेंदरी कमानी भक्तांनी आणि व्यापारी पेढ्यांनी वाहिलेल्या आहेत, आणि प्रत्येक कमानीच्या मागच्या बाजूला देणाऱ्याचे नाव व तारीख काळ्या अक्षरांत असते. चढताना कमानींची कोरी बाजू समोर येते आणि उतरताना नावे दिसू लागतात. दिवस उजाडल्यावर मात्र त्या बोगद्यात छायाचित्रे काढणाऱ्यांची इतकी दाटी होते की पाय पुढे टाकणे कठीण.

निघण्यापूर्वी आणखी एक विचार करावा लागतो. शिंतोमध्ये मृत्यूला अशुद्धी मानतात, म्हणून घरात मृत्यू झाला असल्यास ठरावीक काळ, रूढीने 50 दिवस, देवस्थानात जात नाहीत. सुतकाची कल्पना ज्यांच्या घरात आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. याच कारणामुळे जपानमधील बहुसंख्य अंत्यविधी बौद्ध पद्धतीने होतात, तर बाळाचे पहिले दर्शन, घराची पायाभरणी, नव्या गाडीची पूजा ही कामे शिंतो पुरोहिताकडे जातात. एकाच कुटुंबाने दोन्हीकडे जाण्यात कोणालाही विसंगती वाटत नाही.

कमान आणि वाट

देवस्थानाची सीमा दाखवणारी कमान म्हणजे तोरिई. दोन खांब आणि त्यांवर दोन आडव्या तुळया, एवढीच तिची रचना असते. दार नसते, भिंतही नसते. तिच्यापाशी क्षणभर थांबावे, टोपी काढावी, कमरेतून किंचित वाकावे आणि मग आत पाऊल टाकावे. पुढची वाट, म्हणजे ‘सांदो’, मधोमध चालण्यासाठी नसते. मधला पट्टा देवाचा मानतात, त्यामुळे कडेने चालावे. गर्दीत हा नियम पाळणे शक्य होत नाही आणि कोणी हटकतही नाही. पण मोकळ्या वाटेवर जाणती माणसे आपोआप एका अंगाला होताना दिसतात.

वाटेच्या दोन्ही बाजूंना दगडी प्राण्यांची जोडी असते, तिला ‘कोमाइनु’ म्हणतात. सिंहाची ही आकृती भारतातून चीन आणि कोरियामार्गे जपानला पोहोचली. जोडीतल्या एकाचे तोंड उघडे आणि दुसऱ्याचे मिटलेले असते: एक ‘अ’ म्हणतो आणि दुसरा ‘हूं’, म्हणजे संस्कृत वर्णमालेची सुरुवात आणि शेवट. शिंतोच्या दारात उभी असलेली ही जोडी बौद्ध परंपरेतून आली आहे, हे लक्षात ठेवावे; पुढे ते उपयोगी पडेल. इनारीच्या देवस्थानात त्यांच्या जागी कोल्हे असतात. तोंडात किल्ली, भाताची लोंबी किंवा गुंडाळी धरलेले हे कोल्हे इनारी या धान्यदेवतेचे दूत आहेत, स्वतः देव नव्हेत.

या वाटेवरची झाडे घाईघाईने मागे टाकू नयेत. देव म्हणजे ‘कामी’ कुठे असतो, तर डोंगरात, धबधब्यात, जुनाट वृक्षात, मोठ्या शिळेत, पराक्रमी किंवा अन्यायाने मेलेल्या माणसातही. ज्याच्यासमोर माणूस थक्क होतो किंवा दबकतो ते कामी, असे ढोबळमानाने म्हणता येईल. इमारती फार नंतर आल्या. आधी वनातली एखादी जागा दोरीने आखून तिथे कामीला बोलावत. भाताच्या पेंढ्याची ती वळलेली दोरी, ‘शिमेनावा’, आजही वृक्षांच्या बुंध्याला गुंडाळलेली दिसते आणि तिला नागमोडी घडीच्या पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लोंबत असतात. नाराजवळच्या ओमिवा देवस्थानात गाभाराच नाही. समोरचा मिवा डोंगर हाच देव आहे आणि उपासनामंडपातून त्याच्याकडे तोंड करून प्रार्थना केली जाते.

मात्र प्रत्येक राई प्राचीन समजू नये. टोकियोच्या मेइजी जिंगूभोवतीचे सुमारे 70 हेक्टरांचे घनदाट वन माणसांनी लावलेले आहे. 1920 मध्ये हे देवस्थान उभे राहिले तेव्हा देशभरातून सुमारे 1,00,000 झाडे दान म्हणून आली. पंतप्रधान ओकुमा शिगेनोबु यांना इसे या सूर्यदेवीच्या मोठ्या देवस्थानाप्रमाणे उंच देवदारी वृक्षांची भव्य राई हवी होती. वनशास्त्रज्ञ होंदा सेइरोकु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराच्या धुरात ती झाडे टिकणार नाहीत, रुंदपर्णी सदाहरित झाडेच लावली पाहिजेत, असा आग्रह धरला आणि पुढे आपोआप पुनरुज्जीवित होत राहील असे वन आखले. याच्या उलट घडलेली गोष्टही आहे. 1906 मध्ये सरकारने लहान देवस्थाने एकत्र करण्याचा हुकूम काढला, त्यात पुढच्या काही वर्षांत सुमारे 70,000 देवस्थाने बंद झाली आणि त्यांच्या राया तोडून विकल्या गेल्या. वाकायामाचे निसर्गसंशोधक मिनाकाता कुमागुसु यांनी याविरुद्ध इतका जोरदार लढा दिला की 1910 मध्ये त्यांना काही दिवस कोठडीतही राहावे लागले. जपानमधील निसर्गरक्षणाच्या चळवळीची सुरुवात अनेक जण इथूनच मोजतात.

पाण्यापाशी

वाटेच्या कडेला छपराखाली दगडी हौद असतो, त्याला ‘तेमिझुया’ म्हणतात. लांब दांड्याचे लाकडी ओगराळे उजव्या हातात घेऊन एकदाच पाण्याने भरावे आणि सगळी क्रिया त्याच पाण्यात उरकावी. आधी डाव्या हातावर पाणी घालावे. मग ओगराळे डाव्या हातात घेऊन उजवा हात धुवावा. परत उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत थोडे पाणी ओतावे आणि त्याने चूळ भरावी. ओगराळ्याला ओठ लावायचे नाहीत आणि पाणी गिळायचेही नाही. चूळ हौदाबाहेरच्या पन्हळीत, तोंडापुढे हात धरून हळूच टाकावी. नंतर डावा हात पुन्हा एकदा धुवावा आणि शेवटी ओगराळे उभे करावे, म्हणजे उरलेले पाणी दांड्यावरून ओघळते आणि पुढच्या माणसासाठी दांडा स्वच्छ होतो. 2020 च्या साथीपासून अनेक ठिकाणी ओगराळी काढून बांबूच्या नळीतून वाहते पाणी सोडलेले आहे. तिथे नुसते हात धुतले तरी चालते.

या साध्या क्रियेमागची कथा कोजिकीत आहे. इझानामी ही देवी अग्निदेवाला जन्म देताना भाजून मरण पावते. तिचा नवरा इझानागी तिला आणायला योमी या मृत्युलोकात जातो, तिथे तिचे कुजलेले शरीर पाहून घाबरून पळतो आणि बाहेर आल्यावर नदीत उतरून स्नान करतो. त्या स्नानात त्याने डावा डोळा धुतला तेव्हा सूर्यदेवी आमातेरासु जन्मली, उजवा धुतला तेव्हा चंद्रदेव त्सुकुयोमी आणि नाक धुतले तेव्हा वादळी स्वभावाचा सुसानोओ. म्हणजे सर्वांत मोठी देवी मृत्यूचा विटाळ धुताना उत्पन्न झाली. शिंतोमध्ये पापापेक्षा अशुद्धीवर भर का आहे आणि ती धुऊन निघते असा विश्वास का आहे, ते या कथेत जितके दिसते तितके तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात दिसत नाही.

मंडपासमोर

आता आपण ‘हाइदेन’ म्हणजे उपासनामंडपासमोर येतो. मराठी माणसाची नजर इथे सवयीने मूर्ती शोधते, आणि ती सापडत नाही. मंडपाच्या मागे ‘होंदेन’ हा गाभारा असतो, तो बंद असतो, आणि त्यात देवाचे प्रतीक, ‘गोशिंताई’, वस्त्रांत गुंडाळून ठेवलेले असते. ते आरसा, तलवार, मणी किंवा दगड असू शकते. पुष्कळदा पुरोहितानेही ते पाहिलेले नसते. आरशाची कथा अशी: सुसानोओच्या धिंगाण्याने संतापून आमातेरासु गुहेत जाऊन बसली आणि जगात काळोख झाला. देवांनी गुहेसमोर झाडाला आरसा टांगला, कोंबडे आरवायला लावले आणि आमे-नो-उझुमे ही देवी उलट्या ठेवलेल्या टोपावर पाय आपटत असे नाचली की सगळे देव खदखदून हसले. हा गोंगाट कसला म्हणून आमातेरासुने दार किलकिले केले आणि तिला बाहेर ओढण्यात आले. देवस्थानांत आजही होणाऱ्या ‘कागुरा’ नृत्याचे मूळ या नाचात सांगतात.

कृती अशी करावी. समोरच्या जाळीच्या पेटीत नाणे अलगद सोडावे. लांबून भिरकावू नये. घंटा असल्यास दोरी हलवून वाजवावी. मग दोनदा कमरेतून पूर्ण वाकावे, हात छातीसमोर आणून उजवा तळवा किंचित मागे सरकवून दोन टाळ्या वाजवाव्यात, तळवे जुळवून मनात प्रार्थना करावी आणि शेवटी एकदा खोल वाकावे. प्रार्थनेत आधी आपले नाव आणि गाव सांगावे, आभार मानावेत आणि मग मागणे मागावे, असे जाणकार सुचवतात. 5 येनचे नाणे शुभ मानले जाते, कारण त्याचा उच्चार ‘ऋणानुबंध’ या अर्थाच्या शब्दाशी जुळतो. अलीकडे मात्र सुटी नाणी देवस्थानांना महागात पडू लागली आहेत. 2022 च्या जानेवारीपासून जपानच्या टपाल बँकेने मोठ्या संख्येने नाणी भरण्यावर शुल्क लावले. मूठभर एक-एक येनची नाणी रिकामी करण्यापेक्षा एकच 100 येनचे नाणे टाकलेले बरे.

‘दोन नमन, दोन टाळ्या, एक नमन’ हा क्रम फार पुरातन असल्यासारखा सांगितला जातो. प्रत्यक्षात तो मेइजी काळात (1868 ते 1912), सरकारने देवस्थानांचे विधी एकसारखे करायला घेतल्यानंतर रूढ होत गेला. जुन्या चालीरीती जिथे टिकल्या तिथे तो वेगळा आहे: इझुमो ताइशा आणि क्यूशूमधील उसा जिंगू येथे चार टाळ्या वाजवतात. इझुमोला ओकुनिनुशी हा देव आहे, आणि जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यात देशभरातले देव तिथे सभेला जमतात अशी समजूत आहे. त्यामुळे इतर प्रांतांत त्या महिन्याला ‘देव नसलेला महिना’ म्हणतात आणि इझुमोत ‘देव असलेला महिना’. इझुमोचा आजचा गाभारा 1744 मधला आणि 24 मीटर उंच आहे. तो एके काळी याच्या दुप्पट उंच होता अशी आख्यायिका होती, ती अतिशयोक्ती म्हणून बाजूला सारली जाई. 2000 साली आवारात खोदकाम झाले तेव्हा तीन-तीन देवदार एकत्र बांधून केलेले, मिळून सुमारे 3 मीटर व्यासाचे खांब जमिनीत सापडले आणि ती आख्यायिका पुन्हा गांभीर्याने घ्यावी लागली.

चिठ्ठी, पाटी, ताईत आणि शिक्का

प्रार्थना झाल्यावर आवारातील लहानशा खिडकीकडे वळावे. तिथे पांढरा अंगरखा आणि लाल घेर घातलेल्या तरुणी दिसतील. त्या ‘मिको’, म्हणजे विधींना आणि नृत्याला मदत करणाऱ्या सेविका. ‘ओमिकुजी’ ही भविष्याची चिठ्ठी आहे. उत्तमोत्तम ‘दाइकिची’पासून वाईट ‘क्यो’पर्यंत तिच्या पायऱ्या असतात, पण वरच्या शिक्क्यापेक्षा आतला प्रवास, आरोग्य, हरवलेली वस्तू, विवाह यांबद्दलचा मजकूर वाचण्याची पद्धत आहे. चिठ्ठी घरी न्यायची नसेल तर ठरवून दिलेल्या दोरीला बांधावी. झाडाच्या फांद्यांना बांधल्याने झाडाला इजा होते, म्हणून आता बहुतेक ठिकाणी ते करू नये अशी सूचना असते.

‘एमा’ ही इच्छा लिहून टांगायची लाकडी पाटी. तिच्यावर घोड्याचे चित्र का असते, तर पूर्वी देवाला खरा घोडा वाहत आणि ज्याला ते परवडत नसे तो चित्र वाही. परीक्षेच्या हंगामात तेनमांगू देवस्थानांत या पाट्यांचे ढीग लागतात. तिथला देव तेंजिन म्हणजे सुगावारा नो मिचिझाने हा नवव्या शतकातला विद्वान मंत्री. दरबारातील कारस्थानामुळे 901 मध्ये त्याला क्यूशूतील दाझाइफूला हद्दपार करण्यात आले आणि 903 मध्ये तो तिथेच वारला. त्यानंतर राजधानीत त्याच्या विरोधकांचे मृत्यू झाले, राजवाड्यावर वीज कोसळली, आणि हा मिचिझानेच्या आत्म्याचा कोप आहे अशी लोकांची खात्री झाली. त्याला शांत करण्यासाठी 947 मध्ये क्योतोत कितानोचे देवस्थान उभारले. ज्या माणसाच्या रागाची धास्ती होती, त्याच्याकडे आज शाळकरी मुले गणितात पास कर म्हणून नवस बोलतात.

‘ओमामोरी’ हा रेशमी पिशवीतला ताईत उघडून पाहू नये. वर्षभर जवळ ठेवावा आणि नंतर देवस्थानाला परत करावा. ‘गोशुइन’ म्हणजे भेटीची नोंद म्हणून वहीत मारलेला लाल शिक्का आणि त्यावरचे शाईचे सुलेखन. त्यासाठी साधारण 300 ते 500 येन द्यावे लागतात. प्रार्थना करण्यापूर्वीच वही पुढे करणे असभ्य मानले जाते. देवस्थाने आणि बौद्ध मंदिरे यांसाठी वेगळ्या वह्या ठेवल्यास उत्तम.

विधी करवून घ्यायचा असल्यास

जपानमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मुलाच्या ‘शिचि-गो-सान’ म्हणजे तिसऱ्या, पाचव्या, सातव्या वर्षाच्या विधीचे किंवा नव्या घराच्या भूमिपूजनाचे आमंत्रण येऊ शकते, आणि इच्छा असल्यास स्वतःसाठीही विधी करवून घेता येतो. धर्म विचारला जात नाही. दक्षिणा साधारणपणे 5,000 येनपासून पुढे असते आणि ती खास लिफाफ्यात, ‘पहिल्या लोंब्यांचे मोल’ या अर्थाचे शब्द लिहून देतात. अर्जात नाव काताकाना लिपीत स्पष्ट लिहावे, कारण पुरोहित देवापुढच्या ‘नोरितो’ या लयबद्ध निवेदनात तुमचे नाव आणि पत्ता उच्चारणार असतो. नाव अडखळत वाचले गेले तर त्यालाच जास्त संकोच होतो.

आत बूट काढून बसल्यावर पुरोहित कागदाच्या पट्ट्यांची काठी डोक्यावरून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे हलवतो. तेव्हा मान खाली घालावी. नंतर ‘साकाकी’ या सदाहरित झाडाची कागद बांधलेली डहाळी, ‘तामागुशी’, हातात दिली जाते. उजव्या हाताने देठ वरून धरावा आणि डाव्या तळव्यावर पानांचा भार घ्यावा. चौरंगापाशी गेल्यावर ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावी, देठ आपल्याकडे असताना मनात प्रार्थना करावी, आणखी फिरवून देठ देवाकडे करून ठेवावी, आणि मग दोन नमने, दोन टाळ्या, एक नमन. शेवटी देवाला दाखवलेल्या तांदळाच्या मद्याचा घोट दिला जातो; न पिणाऱ्याने प्याला ओठांना लावला तरी पुरते.

शिंतो विवाहही आज परंपरेचा परमोच्च नमुना म्हणून दाखवला जातो, पण देवस्थानात सर्वसामान्यांची लग्ने लावण्याची प्रथा विसाव्या शतकातली आहे. 1900 मध्ये युवराज योशिहितो यांचे लग्न राजवाड्यातील देवघरासमोर झाले आणि पुढच्याच वर्षी टोकियोतील हिबिया येथील देवस्थानाने त्या धर्तीवर सर्वांसाठी विधी बसवला. त्याआधी लग्ने घरीच होत.

1868 ची रेषा कुठे दिसते

आज शिंतो आणि बौद्ध आवारे वेगळी दिसतात, पण सुमारे हजार वर्षे ती एकमेकांत मिसळलेली होती. सहाव्या शतकात बौद्ध धर्म कोरियातून आला आणि हळूहळू कामी म्हणजे बुद्धांची स्थानिक रूपे, असा विचार रुजला. आमातेरासु ही वैरोचन बुद्धाचे रूप मानली गेली. देवस्थानांत बौद्ध भिक्षू सूत्रपठण करीत. 1868 मध्ये नव्या मेइजी सरकारने दोन्ही वेगळे करण्याचा आदेश काढला, आणि त्यानंतरच्या लाटेत अगणित बौद्ध मूर्ती, पोथ्या आणि वास्तू नष्ट झाल्या.

भारतीय वाचकाला ही रेषा शोधणे सोपे जाते, कारण ती अनेकदा आपल्याच देवतांवरून गेली आहे. क्योतोचे यासाका देवस्थान 1868 पर्यंत ‘गिओन’ या नावाने ओळखले जाई. गिओन म्हणजे श्रावस्तीचे जेतवन. तिथे जेतवनाचा रक्षक मानल्या गेलेल्या गोझु तेन्नो या बैलाच्या मस्तकाच्या देवाची पूजा होई. आदेशानंतर नाव बदलले आणि देव सुसानोओ झाला. जुलैमधल्या उत्सवाला मात्र लोक आजही गिओन मात्सुरीच म्हणतात. 869 मध्ये रोगराई हटावी म्हणून तेव्हाच्या प्रांतांच्या संख्येइतके 66 भाले उभारले, त्यातून हा उत्सव वाढला. शिकोकू बेटावरील कोतोहिरा येथे 785 पायऱ्या चढून ज्याच्या दर्शनाला खलाशी जात तो कोंपिरा म्हणजे संस्कृत ‘कुंभीर’. आता तिथला अधिकृत देव ओमोनोनुशी आहे. समुद्रात उभ्या असलेल्या कमानीसाठी प्रसिद्ध असलेल्या इत्सुकुशिमाला बेंझाइतेन म्हणजे सरस्वती पुजली जाई. विभक्तीकरणानंतर तिची मूर्ती शेजारच्या दाइगान-जी या बौद्ध मंदिरात गेली. वीणेच्या जागी बिवा हे तंतुवाद्य घेतलेली सरस्वती कामाकुराजवळच्या एनोशिमा बेटावरील देवस्थानात अजून पाहता येते, आणि वेळ असेल तर तिथे जरूर जावे.

याच धोरणातून देवस्थाने सरकारी यंत्रणेचा भाग बनली आणि सम्राटनिष्ठेचे शिक्षण त्यांच्यामार्फत दिले गेले. 15 डिसेंबर 1945 रोजी दुसऱ्या महायुद्धात जिंकलेल्या दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने शासन आणि शिंतो यांची फारकत करणारा आदेश काढला, आणि 1947 च्या राज्यघटनेने ती कायम केली. टोकियोचे यासुकुनी देवस्थान या इतिहासाचे सर्वांत वादग्रस्त ठिकाण आहे. 1869 मध्ये युद्धात सम्राटाच्या बाजूने मेलेल्यांसाठी ते स्थापन झाले. 1978 मध्ये ‘अ’ वर्गाच्या 14 युद्धगुन्हेगारांची नावे तिथे समाविष्ट केली गेली, आणि 1975 नंतर एकाही सम्राटाने तिथे पाऊल ठेवलेले नाही. जपानी नेत्यांवरील युद्धगुन्ह्यांच्या टोकियो खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भिन्नमत देणारे भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे स्मारक 2005 मध्ये आवारात उभारले गेले. भारतीय पाहुण्याला तिथे विशेष आपुलकीने वागवले जाते. जायला हरकत नाही, पण त्या आपुलकीचे कारण माहीत असावे, आणि चीन व कोरियातील लोकांना या जागेचा राग का येतो हेही.

कोणत्या दिवशी जावे

नववर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत ‘हात्सुमोदे’ म्हणजे वर्षाच्या पहिल्या दर्शनासाठी मेइजी जिंगूला सुमारे 30 लाख माणसे जातात, रांगेत उभे राहायची तयारी असेल तरच जावे. ही प्रथाही आजच्या रूपात रेल्वेबरोबर वाढली, कारण कंपन्यांना नववर्षाच्या सुटीत प्रवासी हवे होते. माझ्या मते 30 जूनचा ‘ओहाराए’ अधिक पाहण्यासारखा आहे. अर्ध्या वर्षाची अशुद्धी झटकण्यासाठी गवताचे माणूसभर उंचीचे कडे उभारतात. त्यातून आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे असे इंग्रजी आठच्या आकारात फिरतात. कागदी बाहुलीवर नाव आणि वय लिहून ती अंगावर घासतात, तिच्यावर फुंकर मारतात आणि देवस्थानाकडे सोपवतात. या विधीचे मंत्र 927 मध्ये पूर्ण झालेल्या ‘एंगिशिकी’ या संहितेत आहेत, म्हणजे निदान हा भाग निश्चितपणे जुना.

शेवटी इसे

मिए प्रांतातील इसे येथे आमातेरासुचे नाइकू आणि अन्नदेवता तोयोउकेचे गेकू अशी दोन मुख्य देवस्थाने असून लहानमोठी मिळून 125 आहेत. रीत अशी की आधी गेकूला जावे, मग नाइकूला. गेकूत वाटेच्या डाव्या अंगाने चालतात, नाइकूत उजव्या. इथे सिंहांची जोडी नाही, भविष्याच्या चिठ्ठ्या नाहीत, आणि मुख्य गाभाऱ्यापुढच्या पायऱ्यांच्या वर छायाचित्रे काढता येत नाहीत. चार कुंपणांपलीकडे गवताचे छप्पर आणि त्यावरच्या आडव्या ओंडक्यांची सोनेरी टोके तेवढी दिसतात. गेकूमध्ये देवांसाठी रोज सकाळ-संध्याकाळ नैवेद्य शिजतो, आणि त्यासाठीचा अग्नी लाकडावर लाकूड घासून काढतात.

एदो काळात (1603 ते 1868) इथे यात्रेच्या लाटा येत. 1705, 1771 आणि 1830 या वर्षी तर लाखोंनी माणसे निघाली. नोकर मालकाला आणि मुले आईबापांना न सांगता निघत, वाटेतली गावे त्यांना जेवू घालत, आणि भिक्षेसाठी हातातले ओगराळे हीच त्यांची ओळख होती. ज्यांना जाणे शक्य नसे अशांपैकी काहींनी गळ्यात पैशांची पिशवी बांधून कुत्रा पाठवल्याच्याही नोंदी आहेत.

दर 20 वर्षांनी इथले गाभारे शेजारच्या मोकळ्या जागेत हिनोकी लाकडाने जसेच्या तसे नव्याने बांधतात, देवाची वस्त्रे, शस्त्रे आणि भांडीही नवी करतात आणि रात्रीच्या अंधारात देवाला नव्या घरी नेतात. सम्राज्ञी जितोच्या काळात 690 मध्ये हे पहिल्यांदा झाले. यादवी युद्धांच्या काळात 120 हून अधिक वर्षांचा खंड पडला, तरीही 2013 मध्ये 62 वे स्थलांतर पार पडले. जुने लाकूड वाया जात नाही. गाभाऱ्याचे मुख्य खांब नाइकूच्या वाटेवरील उजी पुलाच्या दोन टोकांच्या कमानी होतात आणि पुढे अन्य देवस्थानांत जातात. वीस वर्षांचे हे अंतर सुतारांच्या पिढ्यांना सोयीचे आहे: तरुणपणी उमेदवारी केलेला कारागीर पुढच्या खेपेला स्वतः काम सांभाळतो आणि त्यानंतरच्या खेपेला शिकवतो.

पुढचे, 63 वे स्थलांतर 2033 मध्ये आहे आणि त्याचे विधी 2025 मध्ये डोंगरातल्या वृक्षतोडीच्या पूजेपासून सुरू झाले आहेत. स्थलांतराच्या आधी, नवे आवार देवाचे होण्यापूर्वी, एरवी कोणालाही प्रवेश नसलेल्या आतल्या अंगणात लोक पांढरे गोटे रुमालात धरून नेऊन ठेवतात. नव्या गाभाऱ्याजवळ जाण्याची संधी सामान्य माणसाला एवढीच मिळते. 2033 चा प्रवास आखणाऱ्याने शरद ऋतूतल्या मुख्य सोहळ्यापेक्षा त्या उन्हाळ्याच्या तारखांवर लक्ष ठेवावे.